१६ बाइटांत कवठे महांकाळ

वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. एवढं एक वाक्य पाठ करा आणि मग कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये बसून खुशाल ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्राम, लिहा. बिल्ड झाला, बोर्ड बूट झाला, काट्यावर पोतं ठेवलं की आकडा आला, विषय संपला. मधेच जीसीसी, म्हणजे आपला सी भाषेतला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, जांभळ्या अक्षरांत काहीतरी पुटपुटतो. त्याचं ऐकत बसायला आपल्याला दुसरे उद्योग नाहीत का?

तरीही टीममध्ये नवीन लागलेल्या एखाद्या पोराने ते वाचलंच आणि ‘सर, हे काय?’ असं विचारलं, तर अडायला नको, म्हणून हा प्रपंच.

उदाहरण आपल्याच घरचं घेऊ. समजा, मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांसाठी तोलकाटा करायचाय. प्रत्येक पोत्यामागे एक स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीत लागून लागून असलेल्या रकान्यांची नोंद: तालुक्याच्या नावाला १६ बाइट, हळदीच्या वाणाला ८, आणि त्याला लागूनच वजन, ग्रॅममध्ये, ४ बाइटांत. नावं इंग्रजीत, आणि सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे मजकूर संपला हे सांगायला शेवटी एक शून्य. ती भरायला स्ट्रएनकॉपी हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन वापरा, मर्यादा रकान्याएवढीच द्या. कुणी हटकलं तर सांगा, त्यातला ‘एन’ सुरक्षेसाठीच असतो. हे फंक्शन जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलचं नाव १४ बाइटांच्या ठरावीक रकान्यात भरण्याच्या कामाचं. नाव छोटं असलं तर उरलेला रकाना शून्यांनी भरतं, आणि नाव रकान्याएवढं किंवा त्याहून लांब असलं तर शेवटचं शून्य टाकतच नाही, असला इतिहास कुणी उगाळायला लागलं, तर त्याला चहाला घेऊन जा.

टेस्टिंग मिरज घालून करा. जत घालून करा. उत्साह फारच असेल तर तासगाव, पलूस, आटपाडी, शिराळा. सगळं चालतं. सांगली जिल्ह्यातले दहापैकी नऊ तालुके निमूटपणे बसतात. दहावा कवठे महांकाळ. त्याचं इंग्रजी स्पेलिंग बोटांवर मोजा: सात अक्षरं, एक मोकळी जागा, आठ अक्षरं. बरोबर सोळा. रकाना काठोकाठ भरला, शेवटच्या शून्याला जागाच उरली नाही. छापणारं फंक्शन शून्य दिसल्याशिवाय थांबत नाही, त्यामुळे ते सरळ शेजारच्या रकान्यात शिरतं. तिथे ‘राजापुरी’. इंग्रजीत आठ अक्षरं, रकानाही आठचा, म्हणजे तिथेही शून्य नाही. मग गाडी थेट वजनात. पन्नास किलोचं पोतं म्हणजे ५०,००० ग्रॅम, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, सी३५०. लिटल एंडियन, म्हणजे आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या, प्रोसेसरवर मेमरीत आधी ५० येतो, मग सी३, मग एकदाचं शून्य. हेक्स ५० म्हणजे आस्कीत, अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या यादीत, इंग्रजी ‘पी’, आणि सी३ तर आस्कीत बसतच नाही. लेबलवर छापून येतं ‘कवठे महांकाळराजापुरीपी’ आणि शेपटाला एक अगम्य चिन्ह.

व्यापारी लेबल घेऊन आला तर गांगरू नका. ‘पी’ म्हणजे पॉलिश केलेली, असं सांगा.

जीसीसी नेमकं हेच सांगत होता म्हणे: दिलेली मर्यादा १६ आणि जागाही १६, शेवटचं शून्य राहून जाईल. पण सांगायची ही काय पद्धत झाली? तेव्हा त्याला गप्प करा. सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, एक झेंडा (फ्लॅग) रोवून ही वॉर्निंगच बंद करणं. मीटिंगमध्ये कुणी नाक मुरडलं तर ठासून सांगा, की जीसीसी ८ ने ही वॉर्निंग २०१८ मध्ये आणली आणि त्याच वर्षी खुद्द लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ती नेहमीच्या बिल्डपुरती बंद करून टाकली. त्याच कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्ट्रएनकॉपी ‘वापरू नये’च्या यादीत आहे आणि माणसं वर्षानुवर्षं एकेक ड्रायव्हर उघडून ते काढत आली आहेत, हा भाग मीटिंगमध्ये सांगण्यासारखा नाही. वेळ कमी असतो.

गिऱ्हाइकाच्या बिल्डमध्ये वॉर्निंगलाच एरर मानत असतील, तर मात्र जरा हातचलाखी लागते. मर्यादेतून एक वजा करा, १५ द्या. जीसीसी तत्काळ गप्प. सोळावा बाइट शून्य आहे की नाही, हे स्ट्रक्चर कुणी आधी धुऊनपुसून घेतलं होतं की नाही, यावर अवलंबून. ते काम दुसऱ्या फाइलमध्ये, दुसऱ्या माणसाकडे. किंवा मेमकॉपी लावा आणि डोळे झाकून १६ बाइट उचला. मेमकॉपी फार सुस्वभावी, ते शून्याबिन्याची चौकशी करत नाही. ‘जत’ची इंग्रजी तीन अक्षरं आणि एक शून्य असे चार बाइट झाले की उरलेले बारा ते शेजाऱ्याच्या मेमरीतून आणतं. फुकट मिळतंय तर घ्या.

आता काही पुस्तकी मंडळी म्हणतील, हे सगळं कशाला, स्ट्रएसकॉपी वापरा की. कर्नलमध्ये ते २०१५ पासून, म्हणजे ४.३ पासून आहे. शेवटी शून्य हमखास टाकतं आणि नाव कापावं लागलं तर ऋण एररही परत देतं. बरं, वापरा. पण वापरायचं ते आपल्या पद्धतीने: एका सेड (शोधा आणि बदला) कमांडमध्ये साऱ्या ड्रायव्हरभर स्ट्रएनकॉपीच्या जागी स्ट्रएसकॉपी. परत आलेली एरर कुठे साठवायचीच नाही, नाहीतर वापरत नसलेल्या व्हेरिएबलची नवीन वॉर्निंग पाळावी लागेल. ते उरलेला रकाना शून्यांनी भरत नाही, जुनं मात्र भरत होतं, हेही सोडून द्या. स्ट्रक्चर स्टॅकवरचं, म्हणजे आधीच्या कामाचा कचरा तसाच राहिलेल्या तात्पुरत्या मेमरीतलं, असेल तर ‘जत’च्या मागे बारा बाइट कर्नलची शिळी मेमरी थेट युजरच्या हातात पडते. त्यासाठी भरून देणारं भावंड वेगळं आहे, पण त्याच्या नावात चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात.

खरी बहार येते ती ज्या रकान्यांत शून्य असायलाच नको तिथे. स्कझी, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या एका प्रमाण पद्धतीची, डिस्क आपली ओळख सांगते तेव्हा कंपनीच्या नावाला आठ बाइट असतात, उरलेली जागा स्पेसने भरायची, शून्याचा संबंध नाही. तिथे तुमचं सेड पोचलं की आठ अक्षरी कंपनीचं शेवटचं अक्षर कापलं जातं आणि त्या जागी शून्य बसतं. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. अशा रकान्यावर ‘ही स्ट्रिंग नव्हे’ असं ॲट्रिब्यूट लिहायची सोय जीसीसी ८ ने या वॉर्निंगसोबतच दिली होती, आणि ते लिहिलं की वॉर्निंग रीतसर जाते. पण ते लिहिण्याआधी हा रकाना कोण वाचणार, शून्य शोधणारा की बाइट मोजणारा, हे ठरवावं लागतं. त्यासाठी डिव्हाइसचं मॅन्युअल उघडावं लागतं. एका जांभळ्या ओळीसाठी तीनशे पानांची पीडीएफ? नाकापेक्षा मोती जड. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, ‘वॉर्निंग फिक्स’ एवढंच लिहा आणि सुटा.

हे सगळं पार पडलं की गिऱ्हाईक म्हणणार, लेबलं मराठीत द्या. लगेच हो म्हणा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना, अनुस्वार आणि वेलांटीसकट. टेस्टिंग पुन्हा जतवरच करा, सहा बाइटांत काम होतं. ‘सांगली’ला मात्र स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी मिळून अठरा लागतात. जुनं फंक्शन ठेवलं तर सोळा बाइटांत ‘सांगल’ आणि वेलांटीचा एक तृतीयांश तुकडा मावतो, शून्य नाहीच. नवं लावलं तर पंधरा बाइटांत स्वच्छ ‘सांगल’ आणि एक शून्य. वॉर्निंग दोन्हीकडे नाही, कारण ती तुम्ही केव्हाच बंद केलीय. तोच काटा साताऱ्याला विकलात तर तिथे ‘सातार’ उमटेल. तक्रार आलीच तर म्हणावं, पुढे पेनने ‘कर’ लिहून घ्या, आडनावाचा रकाना वेगळा भरायला नको.