छातीतलं पाणी आणि मामीच्या मोबाईलवरचं एरंडेल

परवा तो मजकूर पुन्हा आला. या वेळी सासरकडच्या ग्रुपवर. ‘फुप्फुसात पाणी झालंय? सुई टोचू देऊ नका! पडदा एकदा फाटला की जन्मभर पाणी होत राहतं!!’ खाली कुणा निवृत्त सर्जनचं नाव, त्याखाली एरंडेलाचा उपाय, आणि शेवटी ठरलेलं ‘दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल’. दोन महिन्यांपूर्वी हाच मजकूर माझ्या मामीकडे पोचला होता. त्यापायी माझा २३ वर्षांचा मामेभाऊ आठ दिवस भिंतीला पाठ लावून, बसल्या बसल्या झोपत होता. आडवं झालं की त्याला दम लागायचा. एक्स-रे झाला होता, डॉक्टरांनी पाणी काढायला बोलावलं होतं, आणि मामी म्हणत होती, “पोराच्या छातीत सुई घालू देणार नाही मी.”

मी डॉक्टर नाही, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पण या मजकुरातलं निम्मं खोडायला बारावीचंही जीवशास्त्र पुरतं.

आधी तो पडदा म्हणजे काय ते बघू. हवा न भरलेली प्लास्टिकची पिशवी घ्या, तोंड बांधा आणि बाहेरून तिच्यात मूठ खुपसा. एक पदर मुठीला चिकटतो, दुसरा बाहेर राहतो. मूठ म्हणजे फुप्फुस. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला, बाहेरचा बरगड्यांना आतल्या बाजूने. या दुपदरी आवरणाला फुप्फुसावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये निरोगी माणसात दोन-चार चमचे, म्हणजे १०-२० मिली द्रव असतो, श्वास घेताना पदर एकमेकांवर सहज सरकावेत म्हणून. तो झिरपत असतो आणि बाहेरच्या पदरातल्या बारीक छिद्रांवाटे लसीकावाहिन्यांत परत शोषला जात असतो. झिरपणं वाढलं किंवा शोषणं अडलं की पाणी साठतं. म्हणजे हे पाणी फुप्फुसात नसतंच, फुप्फुसाच्या बाहेर असतं आणि बाहेरून फुप्फुस दाबतं. (‘फुप्फुसात पाणी’ असं डॉक्टरही बोलून जातात, त्याचा दोष एकट्या फॉरवर्डला देता येणार नाही.)

आता ती सुई. मामीचं मन वळवायला मी गावी गेले, आणि शेवटी टॅपिंगच्या, म्हणजे सुईने पाणी काढायच्या, वेळी खोलीत मीच थांबले, कारण मामाला चक्कर येत होती. भावाला स्टुलावर बसवलं, पुढच्या टेबलावर उशी ठेवली, तिला मिठी मारून वाकायला सांगितलं. डॉक्टरांनी पाठीवर एक बोट आडवं ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत ठोकत वरून खाली नेलं. वर पोकळ आवाज, आणि एका जागेनंतर एकदम बद्द, भरलेल्या पिंपासारखा. ही पिंपाची उपमा माझी नाही. १७६१ साली व्हिएन्नात औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने ही ठोकून बघायची पद्धत जगापुढे मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि वडील वाइनची पिंपं ठोकून किती भरलीत ते ओळखायचे, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. एक्स-रेचा शोध १८९५चा. मजकुरात ‘पूर्वी हा रोग नव्हता, मशिनी आल्या आणि पाणी दिसायला लागलं’ असंही एक वाक्य आहे, त्याला एवढं उत्तर बास.

मग सोनोग्राफीने जागा पक्की केली, भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई आत गेली. वरच्याच कडेला, कारण शीर, धमनी आणि मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेने जातात. बाटलीत उतरलं ते पाणी पिवळसर होतं, फिक्या कोऱ्या चहासारखं. बाटली थोडा वेळ ठेवली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरले. साधं पाणी असं धागे धरत नाही. त्यात प्रथिनं भरपूर असली तर धरतं, आणि प्रथिनं भरपूर म्हणजे आवरणाला सूज आहे. एका वेळी साधारण लिटर-दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस झटकन उघडलं तर त्यालाच सूज येऊ शकते. ‘सगळं पाणी काढलंच नाही, पुन्हा बोलवायचा धंदा’ या वाक्याचं उगमस्थान बहुधा हेच.

पडदा फाटून पाणी होत राहतं का? उलट आहे. या आवरणाला इजा झाली की ते गळत नाही, चिकटतं. इतकं की कॅन्सरमुळे ज्यांच्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतं, त्यांच्या दोन पदरांमध्ये डॉक्टर मुद्दाम शुद्ध टाल्क सोडतात. पदर चिडतात, एकमेकांना चिकटतात, आणि पाण्याला जागाच उरत नाही. सुईच्या एका छिद्राने जन्मभर गळती लागत असती तर हा उपचार सुचलाच नसता. पाणी पुन्हा होतं ते मूळ आजार तसाच राहिला म्हणून. छप्पर गळतंय आणि खालची बादली पुन्हा भरली, तर बादली रिकामी करणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही. सुईला काहीच धोका नाही असंही नाही. कधी कधी आत हवा शिरते, रक्त येतं, म्हणून तर आधी सही घेतात. पण तो धोका सांगायचा तर सगळा सांगा. पाणी तसंच ठेवलं तर त्यात जाळ्या धरतात, आवरण जाड होतं, फुप्फुस पुरतं उघडत नाही. पू झाला असेल तर मग नळी, आणि कधी ऑपरेशन.

एरंडेलाचा मुद्दा वाचून मला आधी हसू आलं. ‘छाती, पोट आणि हृदय यांचा पडदा एकच आहे, म्हणून पोट साफ केलं की छातीचं पाणी खाली उतरतं. सात दिवस रोज चार चमचे.’ यात चिमूटभर खरं आहे ते नाइलाजाने कबूल करते. फुप्फुसावरण, हृदयावरण आणि उदरावरण ही तिन्ही गर्भात एकाच पोकळीपासून बनतात. आणि लिव्हर खराब होऊन जलोदर झालेल्या माणसाचं पोटातलं पाणी मधल्या पडद्याच्या, डायफ्रॅमच्या, बारीक छिद्रांतून वर छातीत चढू शकतं, बहुधा उजव्या बाजूला. पण एरंडेल जातं आतड्याच्या आत. उदरावरण असतं आतड्याच्या बाहेर. घरातला नळ सोडून गच्चीवरचं साचलेलं पाणी उतरत नाही. चौथ्या दिवशी पोरगं जुलाबाने एवढं गळून गेलं की त्याला मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं. दम होता तसाच.

त्यावर बिब्बा. मजकुरात ‘दुखऱ्या बाजूला बिब्ब्याचा लेप’ असं होतं, आणि शेजारच्या काकूंनी तो लावूनही दिला. ज्यांनी बिब्बा उतलेला पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पाठीच्या उजव्या बाजूला तळहाताएवढे फोड. टॅपिंगसाठी शर्ट वर केला तेव्हा डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त फोड टाळून दुसरी फट शोधत बसले.

‘पाणी कमी प्या, दही-केळी बंद, रात्री डोक्यावरून आंघोळ नको’ हेही मजकुरात आहे. प्यायलेलं पाणी जठरात जातं, तिथून छातीच्या आवरणात जायची वाट नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. पुढे चला.

पुढे आहे ते सगळ्यात घातक, कारण ते खरं वाटतं. ‘माझ्या पुतण्याला डॉक्टरांनी टीबी सांगितला. आम्ही एकही गोळी दिली नाही. तीन महिन्यांत एक्स-रे क्लिअर!’ मी यावर विश्वास ठेवते. खोटं नसेलच. आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला असं पाणी झालं की पहिला संशय क्षयाचाच, आणि क्षयाचं हे पाणी औषधाशिवायही बहुतेकदा दोन-चार महिन्यांत जिरतं. फुप्फुसाच्या कडेचं एखादं बारीक गळू आवरणाच्या पोकळीत फुटतं, थोडे जंतू आणि त्यांची प्रथिनं आत सांडतात, आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. पाणी होतं ते मुख्यतः या झटापटीचं. झटापट ओसरली की पाणी ओसरतं. जंतू फुप्फुसात बसून राहतात.

मग त्या पुतण्यांचं पुढे काय होतं? हे कुणी तरी मोजून ठेवलंय. क्षयावरची औषधं हाताशी यायच्या आधी छातीत असं पाणी झालेल्या १४१ अमेरिकन सैनिकांचा रोपर आणि वॉरिंग यांनी पुढे अनेक वर्षं माग ठेवला आणि १९५५ साली तो छापला. १४१ पैकी ९२ जणांना नंतर कुठल्या ना कुठल्या स्वरूपात सक्रिय क्षय झाला. शंभरात ६५. पाणी गेलं, एक्स-रे स्वच्छ झाला, मंडळी बरी समजून घरी गेली, आणि पुढच्या काही वर्षांत तिघांपैकी दोघं पुन्हा रुग्ण. आणि फुप्फुसातला क्षय खोकल्यातून घरभर पसरतो, छातीतल्या नुसत्या पाण्यासारखा आतच राहत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने पुतण्याचा तीन महिन्यांनंतरचा एक्स-रे दाखवलाय. तीन वर्षांनंतरचा दाखवा.

‘पाण्याच्या तपासणीत जंतू सापडतच नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू करतात.’ हेही अर्धं खरं. जंतू थोडे असतात, सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा दिसत नाहीत. भावाच्याही पाण्यात दिसले नाहीत. पण त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या आणि एडीए नावाचं विकर ७८ आलं. साधारण ४०च्या वर गेलं की क्षयाचा दाट संशय घेतात. वय, ताप, उतरलेलं वजन आणि हे आकडे एकत्र ठेवून निदान केलं जातं. धूर दिसत असताना विस्तव हातात घेऊनच खात्री करायची नसते.

‘गोळ्यांनी लघवीवाटे रक्त जातं.’ तो रिफाम्पिसिन या त्यातल्या एका औषधाचा रंग आहे. लघवी केशरी होते, कधी घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. लिव्हरला मात्र या गोळ्यांचा त्रास होऊ शकतो. उलट्या, डोळे पिवळे असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, मनाने गोळ्या थांबवायच्या नाहीत.

आणि ‘गोळ्यांवर डॉक्टरांना कमिशन मिळतं’ हा आरोप. सरकारी केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वर निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात महिन्याला पैसे येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. यात कोण कुणाचं कमिशन खातंय ते त्या निवृत्त सर्जननी समजावून सांगावं.

भावाचे दोन महिने गेल्या शुक्रवारी भरले. वजन चार किलो वाढलंय, आडवा होऊन झोपतो. फोड गेले, डाग आहेत. मामी रोज सकाळी गोळ्या स्वतः हातावर ठेवते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर फुली मारते. तो फॉरवर्ड मात्र तिने अजून उडवलेला नाही. “असू दे गं,” म्हणाली, “त्यात दह्याचं लिहिलंय ते काही खोटं नसेल.”