सशांच्या घराबद्दलच्या तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

ससा सुखरूप आहे हे वाचलं आणि आधी जीव भांड्यात पडला. तो आम्ही बनवलेल्या जाळीच्या घरातून बाहेर पडला, राउटरची वायर कुरतडली, रात्री दोन वाजता घरभर शोधाशोध झाली, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. फिटिंगला आम्हाला दोन तास उशीर झाला, त्यात तुमचा शनिवार गेला, त्याचीही माफी.

पण एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय, 'सुरक्षित म्हणून विकलं आणि दुसऱ्याच रात्री ससा उडी मारून बाहेर, ही सरळ फसवणूक आहे.' हे वाचल्यापासून कामात लक्ष लागत नाहीये. आमची शोरूम नाही. नऱ्ह्याच्या गाळ्यात मिस्टर वेल्डिंग करतात, ऑर्डरी आणि मापं मी बघते. नवीन माणूस फोन करण्याआधी हेच पान उघडतो. म्हणून इथेच लिहावं लागतंय.

माप घ्यायला आले तेव्हा मी उंची तीन फूट सांगितली होती. मोठा ससा जागेवरून दोन फूट सहज उडतो, आणि तुमचा राखाडी तर चांगला दणकट आहे. तीन फुटांची जाळी हॉलच्या खिडकीच्या आड येते, म्हणून तुम्ही दोन फूट करायला सांगितलंत. ठीक आहे, घर तुमचं आहे. मग मी म्हटलं, दोनच फूट हवं तर वर उघडझाप होणारं झाकण घ्या. तुम्ही म्हणालात, झाकण लावलं की पिंजऱ्यासारखं दिसतं, नंतर बघू. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरही आहे. खाजगी बोलणं चारचौघांत टाकणं मला पटत नाही, म्हणून इथे टाकत नाही.

आता तुम्हीच लावलेला फोटो एकदा मोठा करून बघा. लपायची लाकडी पेटी पुढच्या जाळीला अगदी टेकून ठेवली आहे. आम्ही ती मधोमध ठेवून गेलो होतो, आणि ती कडेला सरकवू नका हे निघताना तुमच्या घरातल्या दादांना सांगितलंही होतं. त्या पेटीचं छप्पर चौदा इंचांवर आहे. ससा छपरावर चढला की दोन फुटांच्या जाळीतले उरले फक्त दहा इंच. तेवढं तर पिल्लूसुद्धा ओलांडेल. फोटोत छपराच्या कडेला त्याचे राखाडी केस चिकटलेलेही दिसतात. जाळी कुठे वाकलेली नाही, कडी निघालेली नाही, एक टाका सुटलेला नाही. मग आमचं काम कच्चं कसं?

'ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतं' असंही लिहिलंय. मिळतं, खरंय. त्यात पॅनल प्लॅस्टिकच्या क्लिपांनी जोडलेली असतात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, तो दिवसभर काही ना काही कुरतडतोच, आणि प्लॅस्टिक पोटात गेलं की त्याला ते ओकून टाकता येत नाही. आम्ही एक इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी, वापरतो आणि ती लोखंडी फ्रेमला वेल्ड करतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते, पण ती दातांनी तुटते, म्हणून लावत नाही. खाली जाळीचा तळ दिला नाही तोही पैसे वाचवायला नाही. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून बसून टाचा सोलवटतात आणि जखमा होतात. म्हणून मॅट आणि त्यावर जाड सतरंजी दिली. ती दोनदोन दिवसांनी धुवा, एवढंच.

हे सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट ऐका. राउटरच्या वायरीत करंट कमी असतो, पण फ्रिजची असती तर ससा जागीच जाऊ शकला असता. भिंतीलगतच्या सगळ्या वायरी पाइपात घाला किंवा वर उचला. आणि ससा नीट खातोय का, लेंड्या टाकतोय का, यावर लक्ष ठेवा. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद दिसल्या तर सकाळची वाट न बघता सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या. तोंडात कुठे भाजल्याचं दिसतंय का, तेही दाखवून घ्या. पेटी आज रात्रीच मधे घ्या.

झाकण बसवून द्यायला मिस्टर येतील. फक्त जाळीचे पैसे द्या, मजुरी नको. वेळेचंही यापुढे बघतो, शनिवारी कामं जरा कमी घेऊ. उंचीचं आणि झाकणाचं कोटेशनवर ठळक लिहायला सुरुवात केली आहे.

स्टार वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढता आला तर बघा, मॅडम.