पाळीत मेंदूची जोडणी बदलते, म्हणून निर्णय घ्यायचे नाहीत?

गेल्या आठवड्यात माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅडम, पेपरच्या दिवशीच माझी पाळी येणार आहे. हे खरं आहे का?" मजकूर तोच होता, जो एव्हाना तुमच्याही कुठल्या तरी ग्रुपवर येऊन गेला असेल: 'पाळीच्या दिवसांत हार्मोन्स उसळतात आणि स्त्रीच्या मेंदूतली जोडणी बदलते, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. म्हणून त्या चार दिवसांत तिने महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत. पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणूनच बाजूला बसायची पद्धत होती.'

तिचा चेहरा उतरला होता. म्हणून हे एकेक वाक्य धरून लिहिते आहे.

'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' अभ्यास खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या एमिली जेकब्स यांच्या प्रयोगशाळेत तो झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. लॉरा प्रिट्शेट ही तिथली संशोधक विद्यार्थिनी स्वतःच त्यासाठी उभी राहिली. वय २३. सलग ३० दिवस रोज रक्त द्यायचं आणि रोज एमआरआयच्या नळीत हालचाल न करता पडून राहायचं. पाळीचं चक्र चालवणाऱ्या दोन मुख्य हार्मोन्सपैकी इस्ट्रोजेन वाढलं तसा मेंदूच्या लांबलांबच्या भागांतला मेळ वाढला, प्रोजेस्टेरॉन वाढलं तसा तो उतरला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण तोवरचे बहुतेक अभ्यास महिन्यातून एखाद-दोनदा मोजून थांबायचे. पण ती एक बाई होती आणि तो एक महिना होता. ती मोजणीसुद्धा मेंदूला कुठलंही काम दिलेलं नसतानाची, स्वस्थ पडून असतानाची. 'जोडणी' हा शब्द ऐकला की तारा सुटल्या-जुळल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे त्याचा अर्थ इतकाच, की दोन भागांतला रक्तप्रवाहाचा चढउतार एकमेकांशी किती जुळतो.

'पाळीच्या दिवसांत हार्मोन्स उसळतात.' हे तर उलटंच आहे. इस्ट्रोजेनचं शिखर येतं बीज बाहेर पडण्याच्या आधी, म्हणजे साधारण दोन पाळ्यांच्या मध्यावर. प्रोजेस्टेरॉनचं शिखर त्यानंतर आठवडाभराने. मग दोन्ही घसरतात, आणि घसरतात म्हणूनच रक्तस्राव सुरू होतो. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ही दोन्ही हार्मोन्स तळाशी असतात. सांता बार्बराच्या अभ्यासातही सर्वांत ठळक बदल दिसला तो मध्यावरच्या दिवसांत, आणि तोही मेळ वाढल्याचा. मजकूर लिहिणाऱ्याने अभ्यास उघडून पाहिला असता, तर 'चार दिवस' हा शब्दच त्यात आला नसता.

'म्हणून निर्णय घेऊ नयेत.' सगळी मेख या 'म्हणून'मध्ये आहे. जोडणी बदलली म्हणजे अक्कल कमी झाली, हे कुठून आलं? रसेल पोल्ड्रॅक या अमेरिकी संशोधकाने सुमारे दीड वर्ष स्वतःच्या मेंदूची चित्रं काढली. मंगळवारी उपाशीपोटी आणि कॉफी न घेता, गुरुवारी खाऊन-पिऊन. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन वारांच्या जोडणीत स्पष्ट फरक होता. सकाळचा चहा घेतल्यावर आपण वेगळं माणूस होत नाही. मेंदू दिवसभर स्वतःला जुळवून घेत असतो, तो जिवंत आहे म्हणून.

बुद्धीवर खरंच परिणाम होतो का, हे तपासायचं तर बुद्धीचीच कामं देऊन बघायला हवं. तेही झालं आहे. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये १०२ शोधनिबंध एकत्र तपासले, जवळपास ४ हजार स्त्रियांचे. लक्ष, भाषेवरची पकड, कल्पकता, आकृत्या फिरवून ओळखणं, यांतल्या कशातही पाळीच्या टप्प्याप्रमाणे ठाम फरक सापडला नाही. आणि १९१४ सालीच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेटा हॉलिंगवर्थ या विदुषीने स्त्रियांच्या रोज चाचण्या घेतल्या होत्या, तुलनेला पुरुषही घेतले होते. पाळीमुळे काम घसरलेलं तिलाही दिसलं नव्हतं. या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

पुरुषांचंही सांगते. जेकब्स यांच्याच प्रयोगशाळेने एका पुरुषाचा महिनाभर सकाळ-संध्याकाळ असाच अभ्यास केला. त्याचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमधलं मुख्य हार्मोन, सकाळपासून रात्रीपर्यंत निम्म्याहून अधिक उतरायचं, रोज. त्यावरून पुरुषांनी संध्याकाळी निर्णय घेऊ नयेत असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

'पूर्वजांना ठाऊक होतं.' इस्ट्रोजेन वेगळं काढता आलं १९२९ मध्ये. पण याचं उत्तर मला तारखांपेक्षा आमच्या मागच्या पडवीत सापडतं. आई बाजूला बसायची तेव्हा तिला पोतं, वेगळा तांब्या आणि समोर निवडायला धान्याचं सूप मिळायचं. देवघर, स्वयंपाकघर बंद. पण वाण्याचा आणि दूधवाल्याचा हिशोब त्या दिवसांतही तीच पडवीत बसून करायची, कारण घरात दुसऱ्या कोणाला तो जमत नव्हता. चार दिवसांनंतर ती वही कोणी पुन्हा तपासली नाही. तिच्या स्पर्शाचा विटाळ होता. तिच्या डोक्याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे वाचून कोणी 'म्हणजे त्रास सगळा मनाचा' असं म्हणू नये. कळा खऱ्या असतात. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, आणि पोट इतकं दुखत असताना कोणाचंही लक्ष लागणं अवघड. काही थोड्या स्त्रियांना पाळीच्या आधी आठवडाभर इतकी निराशा, इतका संताप घेरतो की जगणं अवघड होतं. त्या आजाराला पीएमडीडी म्हणतात. त्यांच्या हार्मोन्सची पातळी इतरांसारखीच असते, त्या नेहमीच्या चढउतारालाच त्यांचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. त्यावर औषधं आहेत. मेंदूच्या चित्रणावरच्या गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनात स्त्रियांच्या अशा खास प्रश्नांचा विचार करणारे निबंध अर्धा टक्काही नाहीत, असं जेकब्स सांगतात. खरी काळजी असेल तर ती इथे करायला हवी.

त्या मुलीला मी विचारलं, दुखतं का फार? म्हणाली, पहिल्या दिवशी उठवत नाही. मग आम्ही मेंदूचं बोलणं थांबवलं आणि पेपरच्या आधी डॉक्टरांना कधी दाखवायचं ते ठरवलं. आईला बरोबर घेऊन ती शनिवारी जाणार आहे.