ते भाट नव्हे, भाडं आहे

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या घरी गणपतीवर टांगायची माटोळी बांधत होतो. मी शिडीवर, भाचा खाली. सुपारीचे घोस वर देता देता तो सहज म्हणाला, "मामा, तुझ्याकडे डोमेनं होती ना पूर्वी? मी पण घेतली. अकरा."

शिडीवरून पडलो नाही इतकंच. डोमेन म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, अमुक डॉट कॉम असलं.

कारण विचारलं तर त्याने फोन पुढे केला. घरच्या ग्रुपवर साखळीच्या काकांनी टाकलेला फॉरवर्ड. तुमच्याकडेही आला असेल, गेले काही महिने फिरतोच आहे. थोडक्यात असा: डोमेन म्हणजे डिजिटल प्लॉट, एकदा घ्या, आयुष्यभर तुमचा. ९९ रुपयांत घ्या, लाखांत विका. व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं. दिल्लीच्या एका मुलाने जिओहॉटस्टार हे नाव आधीच घेऊन ठेवलं आणि रिलायन्सला कोटी रुपये मोजायला लावले, तुम्हीही मोठ्या कंपन्यांची नावं आधीच धरून ठेवा. मोपा विमानतळामुळे गोव्याच्या नावांना सोन्याचा भाव. गिऱ्हाइकं स्वतःहून मेल करतात. विकेपर्यंत त्या पत्त्यावर लावलेल्या जाहिरातींचं उत्पन्न चालूच. आणि सगळ्यात खाली, अर्थातच, ४,९९९ रुपयांच्या कोर्सची लिंक.

काकांनी तो वाचून पाठवला असेल असं मला वाटत नाही. काका काहीच वाचून पाठवत नाहीत. पण भाच्याने अकरा हजार घातले होते आणि ताईच्या पोस्टातल्या ठेवीतले साठ हजार मागायच्या तयारीत होता. आई बाजूला करंज्या भरत ऐकत होती. 'प्लॉट' शब्द ऐकून तिने विचारलं, "आनी तें भाट खंय आसा रे?"

भाट म्हणजे आमच्याकडे बागायतीची जमीन. सगळे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता, त्याच्याकडे येतो. आधी स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण लागून गेला. २०१४ ते २०१९ मी हाच उद्योग केला. एका वेळी ७१ नावं होती माझ्याकडे. सहा वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त घातले. विकली गेली दोन. एक १८,००० ला, त्यातले २० टक्के विकून देणाऱ्या बाजाराने कापले. दुसरं ६,५०० ला, एका होमस्टेवाल्याला, तेही त्याला दया आली म्हणून. हाती आले २०,९००. बायकोला खरा आकडा २०२१ मध्ये सांगितला.

आता मुद्दे. क्रमाने जाणार नाही, कारण या यादीत एक मुद्दा बाकीच्यांसारखा नुसता फोल नाही, अंगाशी येणारा आहे. भाच्याच्या अकरांपैकी चार नावं त्याच जातीची होती. एका बँकेचं नाव आणि पुढे गोवा. एका मोटार कंपनीचं नाव आणि पुढे शोरूम. असलीच.

जिओहॉटस्टारची गोष्ट घडली ती अशी. दिल्लीच्या एका ॲप बनवणाऱ्या तरुणाने दोन कंपन्या एकत्र येणार असा अंदाज बांधून २०२३ मध्ये ते नाव घेतलं. अंदाज बरोबर ठरला, त्याचं कौतुकच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पत्त्यावर एक पत्र लावलं, की केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च रिलायन्सने उचलावा, नाव घेऊन जावं. रक्कम साधारण एक कोटी. फॉरवर्ड इथे थांबतो. पुढे काय झालं? कंपनीने नकार दिला आणि कायदेशीर कारवाईची भाषा आली, हे त्या तरुणानेच जाहीर लिहिलं. नंतर ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं, त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं, तेव्हाही वेबवरचा पत्ता जुना हॉटस्टार डॉट कॉमच राहिला. म्हणजे ज्या नावासाठी एवढं रामायण झालं, ते कंपनीला मुख्य पत्ता म्हणून लागलंच नाही. कोटी रुपये कुठून आले या गोष्टीत? फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातून.

आणि असं का होतं, हे कुठल्याही कोर्सशिवाय, फुकट वाचता येतं. नाव घेताना आपण न वाचता ज्या चौकोनात टिक करतो, त्या करारातच एक तंटा सोडवायचं धोरण बांधलेलं असतं. नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने ते १९९९ मध्ये आणलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. कंपनीने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ होण्याइतकं जवळचं आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं नि वापरलं. वाईट हेतू कशावरून ओळखायचा? त्याची उदाहरणं तिथेच दिली आहेत, आणि पहिलंच उदाहरण असं: ट्रेडमार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, आपल्या खर्चापेक्षा जास्त किमतीला विकावं या मुख्य उद्देशाने नाव घेणं.

भाच्याला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. फॉरवर्ड ज्याला 'स्ट्रॅटेजी' म्हणतो, ती या धोरणात वाईट हेतूच्या पुराव्यांमध्ये पहिल्या नंबरवर आहे! आणि तू कंपनीला "एवढे द्या, नाव घ्या" असा मेल पाठवलास की पुरावा गोळा करायचं कामसुद्धा त्यांना उरत नाही. तूच सही करून दिलास.

हिशोबही बघा. असे तंटे सोडवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे तक्रार नेली तर एक ते पाच नावांसाठी, एकच निवाडा करणारा असेल तर, शुल्क १,५०० डॉलर. सव्वा लाखाच्या आसपास. वकील वेगळा. सव्वा लाखात नाव काढून घेता येत असताना कुठली कंपनी कोटी देईल? डॉट इन घेतलं तर सुटलो असंही नाही. त्याचा कारभार निक्सीकडे आहे आणि तिथेही असंच धोरण आहे. कोर्टाचं म्हणाल, तर ज्या मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आपल्या पर्वरीत बसतं, त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या नावाशी खेळून 'रॅडिफ' चालवणाऱ्याला रोखलं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिफीच्या प्रकरणात डोमेनच्या नावालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळतं हे स्पष्ट केलं. वीस वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आज 'सीक्रेट' म्हणून विकतायत.

आईच्या प्रश्नाकडे येतो. भाट कुठे आहे? कुठेच नाही. डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं, पुढे पुन्हा पैसे. आपल्याकडे जमिनीचा विषय निघाला की शेंबडं पोरसुद्धा विचारतं, एक-चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, नाव कोणाचं? इथे एक-चौदा नाहीच. भाडं चुकलं की डॉट कॉमचं नाव आधी काही दिवस लोंबकळतं, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर जो पहिला झडप घालेल त्याचं. भाटात घर करून राहणाऱ्या मुंडकाराला घरातून काढायला भाटाच्या मालकाच्या, भाटकाराच्या, दोन पिढ्या जातात, इथे अडीच महिने पुरतात. माझं एक बऱ्यापैकी नाव असंच गेलं. आठवणीचे मेल मी वापरणं सोडलेल्या जुन्या पत्त्यावर जात होते.

९९ रुपयांचं म्हणाल तर ते पहिल्या वर्षाचं. डॉट कॉमऐवजी डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट साइट असल्या नव्या शेपट्यांना दुसऱ्या वर्षी हजारांत भाडं लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून मी एका रात्रीत चौदा घेतली होती, वर्षाने बिल बघून तेराच सोडली. एक का ठेवलं ते आता आठवत नाही.

खरा घात इथे आहे. या धंद्यात मुरलेले लोक वर्षाला शंभरातलं एखाद-दुसरं नाव विकलं जाईल असं धरून चालतात, आणि तेही चांगल्या नावांत. शंभर नावं, हजार रुपये भाडं, म्हणजे वर्षाला लाख. एक विकलं गेलं तर ते लाखाच्या वर जायला हवं, तेही कमिशन कापून, तेव्हा कुठे बरोबरी. विकली न गेलेली ९९ पुढच्या वर्षी परत दारात उभी, ताट घेऊन. जमीन पडून राहिली तर निदान तिच्यावर काजू तरी होतात.

व्हॉइस डॉट कॉम? हो, ते खरं आहे. २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं, नुसतं नाव, रोख. असे व्यवहार होतात, नाकारत नाही. पण विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही अमेरिकी कंपनी होती, जिने साध्या इंग्रजी शब्दांची नावं इंटरनेटच्या पहाटे जमवून ठेवली होती. असा शब्द आज मोकळा नाही. मोकळं उरलंय ते इतर सगळ्यांनी बघून नाकारलेलं. हे वाक्य मला २०१४ मध्ये कोणी ऐकवलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही कबूल.

गोव्याच्या नावांचं सोनं, यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण माझी एकवीस नावं गोव्याचीच होती, मोपाची धरून. विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, पण मोपाच्या नावाला गिऱ्हाईक मिळालं नाही. एक तर त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. दुसरं म्हणजे रोमन लिपीतला आपला जुना घोळ. पणजी लिहायचं की पंजिम? साखळी की सँक्वेलिम? डिचोली की बिचोलिम? रेल्वे 'मडगाव' लिहिते, पालिका 'मार्गाव'. एका गावासाठी तीन-तीन नावं घ्यावी लागतात, आणि गिऱ्हाईक चौथंच टाइप करतं. तिसरं म्हणजे नाव घेणार कोण? फोंड्याच्या मिठाईवाल्याला विचारलं होतं मी. त्याने व्हॉट्सॲप नंबर दाखवला, गुगलच्या नकाशावरची दुकानाची खूण दाखवली, म्हणाला, "हे फुकट आहे. तुझं कशाला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.

(२०१४ मध्ये डॉट भारत आलं तेव्हा देवनागरीतली नऊ नावंही घेतली होती. भाषेच्या प्रेमापोटी. फोनवर कीबोर्ड बदलून तो पत्ता टाइप करणारा एकमेव माणूस मी होतो.)

गिऱ्हाइकं स्वतःहून मेल करतात? करतात की. मला आला होता. परदेशी सद्गृहस्थ, माझ्या एका टुकार नावाला ४,००० डॉलर द्यायला तयार. अट एकच, नावाच्या किमतीचं प्रमाणपत्र हवं, आणि ते 'आमच्या भागीदारांना विश्वास असलेल्या' एका ठरावीक ठिकाणचंच. ४९ डॉलर भरले मी. प्रमाणपत्र छान होतं, शिक्काबिक्का. सद्गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. प्रमाणपत्र देणारा नि गिऱ्हाईक एकच, ही जुनी चाल आहे. खरं गिऱ्हाईक किंमत विचारतं, घासाघीस करतं, आणि पैसे मधल्या तिऱ्हाईत सेवेकडे ठेवतं. ते तुमच्याकडून काही भरून घेत नाही.

जाहिरातींचं उत्पन्न: सहा वर्षांत माझं इतकंही जमलं नाही की ते काढून घेता यावं. पुढे बोलायची गरज नाही.

आरतीनंतर भाच्याला बसवून अकरा नावं उघडली. कंपन्यांची चार होती, त्यांवरची 'विक्रीसाठी' पाटी आधी काढायला लावली आणि कोणाला मेल केलाय का विचारलं. एकाला केला होता. उत्तर आलेलं नाही, देवाची कृपा. मग सगळ्यांचं आपोआप होणारं नूतनीकरण बंद केलं. म्हणजे दहांचं. अकरावं ताईच्या मसाल्याच्या नावाचं होतं, जे ती शेजारपाजारी नि फोंड्याच्या दोन दुकानांत देते. ते विकायला घेतलं होतं त्याने, त्याच्या आईच्या मसाल्याच्या नावाला भाव येईल म्हणून. ते राहू दे म्हटलं. पुढच्या वर्षीचे हजार मी भरतो, पण साठ हजारांचं नाव ताईपुढे काढायचं नाही.

काकांना ग्रुपवर उत्तर लिहिलं. त्यांनी अंगठा टाकला आणि खाली नवा फॉरवर्ड, कारल्याच्या रसावरचा.