'राजवाड्यातल्या नोकरांना एवढं महत्त्व कशाला?' या कमेंटला माझं उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही जे लिहिलंय ते बऱ्याच जणांच्या मनात असतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर तुमचं म्हणणं असं की मागच्या पोस्टमध्ये मी बायबलमधल्या राजवाड्याच्या कारभाऱ्यांना, प्यालेबरदारांना (राजाला मद्याचा प्याला देणाऱ्यांना) आणि खोजांना (राजवाड्यातल्या नपुंसक सेवकांना) उगाच डोक्यावर घेतलं, ही सगळी हुकमाची ताबेदार माणसं, खरी गोष्ट राजांची आणि संदेष्ट्यांची, आणि यरुशलेमजवळच्या सिल्वानच्या थडग्याचा पुरावा मी ओढूनताणून आणलाय. शिवाय हेरोदाच्या कारभाऱ्याबद्दल एक प्रश्नही विचारलाय, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी 'नोकर' या मुद्द्याबद्दल. आपण आजच्या डोक्याने वाचतो ना, तिथेच घोटाळा होतो. आपल्याला वाटतं राजाचं घर वेगळं आणि सरकार वेगळं, घरात स्वयंपाकी आणि झाडूवाले, सरकारात मंत्री. यहूदा आणि इस्राएल या बायबलमधल्या दोन राज्यांत अशी भिंतच नव्हती. धान्याचं कोठार राजाच्या घरचं, खजिना राजाच्या घरचा, घोडे राजाच्या घरचे, आणि या सगळ्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो राजवाड्याचा कारभारी. बायबलच्या '१ राजे' या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात शलमोन राजाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे, त्यात याजक, चिटणीस, सेनापती यांच्याच रांगेत अहीशार नावाचा घरकारभारी बसलाय. त्याच अध्यायात शलमोनाच्या घरच्या रोजच्या शिध्याचा हिशोब दिलाय, ३० कोर (हे धान्याचं माप) सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले बैल, कुरणातले २० बैल, १०० मेंढरं, वर हरणं आणि पोसलेली पाखरं वेगळी. हे रोजचं! आणि हे पुरवायला देशभर १२ अधिकारी नेमलेले, प्रत्येकाकडे वर्षातला एक महिना, त्यातले दोघे तर शलमोनाचे जावई. आता हा बाराजणांनी गोळा केलेला माल कोणाच्या घरातून निघत होता? शेतकऱ्याच्याच ना. म्हणजे राजाचं ताट हाच कर होता. आणि वेठबिगारीवरचा अधिकारी अदोनीराम याचं पुढे काय झालं तेही वाचा, शलमोनाच्या मुलाने, रहबामाने, चिडलेल्या लोकांकडे त्यालाच पाठवलं आणि लोकांनी त्याला दगडमार करून ठार केलं. लोकांना बरोबर माहीत होतं की आपल्या पाठीवरचा भार कोणाच्या हातून येतो.

अजून एक गोष्ट, तुम्ही ती लक्षात घेतली नाहीये असं मला वाटतं. उज्जीया राजाला, ज्याला राजांच्या पुस्तकात अजऱ्या म्हटलंय, कोड झालं आणि तो वेगळ्या घरात राहायला लागला तेव्हा 'घरावर' कोण होता? त्याचा स्वतःचा मुलगा योथाम, पुढचा राजा! २ राजे १५:५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की तो घराचा कारभार बघत होता आणि देशाच्या लोकांचा न्याय करत होता. युवराजाने सांभाळलेलं पद झाडूवाल्याचं कसं असेल?

आणि इ.स.पू. ७०१ चा प्रसंग घ्या, माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात बोलका प्रसंग हाच आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब लाखीशला तळ देऊन बसलाय, यहूदाची तटबंदीची गावं एकामागून एक पडलीयत, आणि त्याचा माणूस फौज घेऊन यरुशलेमच्या बाहेर, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरच्या तळ्याच्या पाटाजवळ येऊन उभा राहतो. हिज्कीया राजा त्याच्यासमोर कोणाला पाठवतो? घरकारभारी एल्याकीम, चिटणीस शेबना आणि नोंदी ठेवणारा यवाह. सेनापती नाही, याजक नाही. आणि समोरचा बोलणारा रब-शाके, तोही पदाने अश्शूरच्या राजाचा मुख्य प्यालेबरदार! म्हणजे एका शहराचं मरण-जगणं ज्या बोलण्यावर अवलंबून होतं ते बोलणं दोन राजवाड्यांच्या घरच्या माणसांमध्ये चाललं होतं. रब-शाके मुद्दाम तटावरच्या लोकांना कळावं म्हणून त्यांच्याच भाषेत ओरडतो, एल्याकीम आणि बाकीचे दोघे त्याला विनवतात की अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते. तो ऐकत नाही. हे तिघे राजाची आज्ञा पाळून एक शब्द उलट बोलत नाहीत आणि कपडे फाडलेल्या अवस्थेत परत येऊन राजाला सगळं सांगतात. तिथे गप्प राहणं किती अवघड असेल याचा विचार करा, तटावर लोक ऐकतायत, समोर फौज, आणि तोंडातून गेलेला एक चुकीचा शब्द सगळ्यांना महागात पडणार.

आता सिल्वान. तुम्ही म्हणता नाव फुटलंय तर शेबनाचं थडगं म्हणायचंच कशाला. नाव फुटलंय हे खरंच आहे, म्हणून पोस्टमध्ये मी 'बहुधा' हाच शब्द वापरला होता आणि आजही त्यापुढे जाणार नाही. पण पुरावा काय आहे तो तरी नीट बघूया. दावीदनगराच्या, म्हणजे जुन्या यरुशलेमच्या समोर, किद्रोनच्या दरीपलीकडे सिल्वानच्या उतारावर खडकात कोरलेलं थडगं, १८७० मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाला त्याच्या दारावरचा लेख सापडला, तो काढून ब्रिटिश म्युझियममध्ये नेला, आणि तो लेख नीट वाचला गेला थेट १९५३ मध्ये, नाहमान अविगाद या अभ्यासकाने वाचला. लेखाचा सारांश असा की हे अमुकयाहूचं, जो घरावर आहे त्याचं थडगं, इथे चांदी नाही, सोनं नाही, फक्त त्याची आणि त्याच्या दासीची हाडं आहेत, जो हे उघडेल तो शापित असो. नावाचा फक्त शेवटचा 'याहू' शिल्लक. शेबना हे शेबनायाहूचं छोटं रूप असू शकतं आणि लेखाची अक्षरं त्याच सुमाराची आहेत, म्हणून अविगादने हे नाव सुचवलं. 'याहू'वर संपणारी नावं तेव्हा ढिगाने होती, त्यामुळे दुसरा कोणी कारभारी असू शकतो, मान्य. पण माझा मुद्दा त्याने पडत नाही उलट पक्का होतो. कारण शेबनाचं असो वा नसो, घरकारभारी पदावरचा माणूस राजधानीसमोरच्या उतारावर स्वतःसाठी असं थडगं कोरून घेऊ शकत होता हे दगडात लिहिलेलं आहे. आणि यशया २२ मध्ये संदेष्टा शेबनाला, जो तेव्हा घरकारभारी होता, नेमकं हेच विचारतो, तुझं इथे काय आहे, तुझं इथे कोण आहे, की तू उंचावर स्वतःसाठी कबर खोदून घेतोयस? त्याच्या दिमाखाच्या रथांचाही उल्लेख आहे तिथे. मग त्याचा झगा, कमरपट्टा आणि अधिकार एल्याकीमला मिळेल, दावीदाच्या घराची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवीन, तो उघडेल ते कोणी बंद करणार नाही आणि बंद करेल ते कोणी उघडणार नाही, असं पुढे येतं. तुम्ही म्हणता खरी गोष्ट संदेष्ट्यांची, अहो पण इथे संदेष्ट्यानेच एका कारभाऱ्याला नाव घेऊन झापलंय, त्याला तो क्षुल्लक वाटत नव्हता.

'राजा बोलेल ते करणारी माणसं' या आरोपात मात्र दम आहे, तो मी टाळणार नाही. २ राजे १० वाचा. अहाब राजाच्या घराण्याविरुद्ध बंड केलेल्या येहूने इस्राएलच्या राजधानीला, शोमरोनला पत्र पाठवलं तेव्हा शहरात रथ, घोडे, हत्यारं, तटबंदी सगळं होतं, तरी घरकारभारी आणि बाकीच्या मोठ्या लोकांनी 'आम्ही तुमचे दास' असं लिहून पाठवलं आणि पुढे अहाबाच्या ७० मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला गेली. ज्यांना सांभाळायला ठेवलं होतं त्यांनीच. यापेक्षा वाईट काय असणार.

पण त्याच अहाबाच्या घरावर आधी ओबद्या होता, ज्याने राणी ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटली होती तेव्हा १०० जणांना पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवलं आणि भाकरी-पाणी पुरवलं, तेही दुष्काळात, जेव्हा राजा स्वतः घोड्या-खेचरांसाठी गवत शोधत फिरत होता. ही भाकरी कुठून आली असेल? कोठाराची किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच हे जमू शकतं.

आणि एबद-मलेख. हा कूशी माणूस, परदेशी, खोजा, तुमच्या हिशोबाने सगळ्यात खालचा. सरदारांनी संदेष्टा यिर्मयाला चिखलाच्या हौदात टाकलंय आणि सिद्कीया राजा म्हणतो की तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. राजाचं चालत नाही म्हणे! तेव्हा हा एबद-मलेख राजवाड्यातून निघून बन्यामीन वेशीत बसलेल्या राजाकडे सरळ जातो आणि तोंडावर सांगतो की या माणसांनी वाईट केलं, तो तिथे उपाशी मरेल, शहरात भाकरी उरलेली नाही. राजाकडून ३० माणसं मिळवतो, आणि मग दोर घेऊन थेट हौदाकडे पळत नाही, आधी खजिन्याखालच्या खोलीत जाऊन जुन्या फाटक्या चिंध्या गोळा करतो, त्या दोराने खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो की या काखेत धर, मग वरून दोर घाल. उपाशी माणसाची कातडी दोराने सोलून निघू नये म्हणून. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी भरून येतं. चिंध्या कुठे पडल्यात हे फक्त राजवाड्यात रोज काम करणाऱ्यालाच माहीत असतं, आणि राजाला कुठे गाठायचं हेही.

नहेम्याचं पण तेच. इराणच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, शूशनमध्ये, इ.स.पू. ४४५. राजा विचारतो तुझा चेहरा का उतरलाय, आणि तो लिहितो की मी फार घाबरलो. तरीही त्या एका संधीत त्याने यरुशलेम पुन्हा बांधण्यासाठी नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं आणि राजाच्या वनरक्षकाकडून लाकूड मागून घेतलं. पुढे स्वतः सुभेदार झाल्यावर त्याच्या पंगतीला १५० माणसं असायची, रोज एक बैल, सहा निवडक मेंढरं आणि काही पाखरं, पण सुभेदाराचा भत्ता त्याने घेतला नाही, कारण लोकांवर आधीच फार ओझं होतं. हे शलमोनाच्या त्या शिध्याशेजारी ठेवून बघा.

राहिला तुमचा खुझाबद्दलचा प्रश्न. लूक ८:३ मध्ये त्याची ओळख हेरोदाचा कारभारी एवढीच आहे, हा हेरोद अंतिपा, ज्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवला तोच. खुझाने स्वतः काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही त्यामुळे त्याच्यावर मी काही बोलणार नाही. पण त्याची बायको योहान्ना येशूबरोबर फिरणाऱ्या आणि आपल्या पैशातून खर्च चालवणाऱ्या बायकांमध्ये होती, आणि लूकने तिच्या नवऱ्याचं पद मुद्दाम नोंदवलंय. हेरोदाच्या घरात ही गोष्ट कोणाला कळली असती तर त्या दोघांचं काय झालं असतं, यावर तुमचं मत मला खरंच वाचायचंय, जरूर लिहा.