उम्म कुलथुम पाच तास एकच गाणं म्हणायची? थोडं थांबा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की इजिप्तची गायिका उम्म कुलथुम एकच गाणं सलग पाच तास गायची. मला ही बाई जीवापाड आवडते म्हणून सांगतेय, तसं नव्हतं. कैरोत तिचा कार्यक्रम दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर लाईव्ह असायचा, तो कित्येक तास चालायचा हे खरं, पण त्यात दोन-तीन गाणी असायची आणि मधे मध्यंतरही. १९६४ चं, मोहम्मद अब्देल वहाबांनी चाल दिलेलं 'एंता उमरी' घ्या, जवळपास तासभर चालतं, कारण लोक ओरडायचे आणि ती तीच ओळ परत घ्यायची, प्रत्येक वेळी वेगळ्या वळणाने, आपल्या नाट्यसंगीतातल्या वन्स मोअरसारखं समजा. याला अरबीत तरब म्हणतात, ऐकणाऱ्याची तंद्री लागणं.

आणि हो, ती महालात वाढलेली नव्हती, नाईल डेल्टातल्या खेड्यातल्या इमामाची पोर, लहानपणी मुलाच्या कपड्यात गायची. इजिप्तच्या इस्रायलशी झालेल्या १९६७ च्या युद्धानंतर पॅरिसला गायली, पैसे देशाला दिले. ३ फेब्रुवारी १९७५ ला गेली तेव्हा लोकांनी शवपेटीच खांद्यावर घेऊन मिरवणुकीचा ठरलेला रस्ता बदलला. तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका, त्यापेक्षा 'एंता उमरी' पाठवा.