तीन वर्षांच्या मुदतीची विमानसेवा

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा विषय निघाला की गावाकडची चर्चा नेहमी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: प्रवासी पुरेसे नसतील, तर विमान हवे कशाला? ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात सुरू झालेली मुंबई–सिंधुदुर्ग सेवा केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेची तीन वर्षांची मुदत संपल्यावर बंद पडली, तेव्हाही हेच ऐकू आले. मी उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सो शहरी राहतो, आणि इथे विचाराची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते.

ट्रॉम्सोच्या पूर्वेचा फिनमार्क प्रांत डेन्मार्कपेक्षा मोठा, पण लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख. रेल्वे तिथवर पोचलेलीच नाही, आणि हिवाळी वादळात डोंगरातले रस्ते बंद होतात. मेहाम्न, बर्लेवोग, बोट्सफ्योर्ड अशा मासेमारीच्या गावांना ‘विडेरो’ ही १९३४ साली स्थापन झालेली कंपनी ३९ आसनी ‘डॅश-८’ विमानांनी जोडते. विमान एसटीसारखे थांबे घेत जाते. मधल्या गावी दोन-चार माणसे उतरतात, दोन-चार चढतात, पुढे जाणारे जागेवरच बसून राहतात. त्यांत ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात उपचार घेऊन परतणारे रुग्ण हमखास असतात.

हे मार्ग नफ्यात यावेत, अशी अपेक्षाच कोणी धरलेली नाही. फेऱ्या, आसने आणि कमाल भाडे सरकार ठरवते, त्यावर निविदा मागवते आणि तूट भरून देते; कराराची मुदत संपत आली की नवी निविदा निघते. २०२४ मध्ये तर हे कमाल भाडे निम्म्यावर आणले गेले.

आपल्याकडे ‘उडान’मध्येही तूट भरून दिली जाते, परंतु तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, या गृहीतकावर. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मुदतीनंतर टिकले केवळ ५४. इतक्या ठिकाणी तेच घडत असेल, तर दोष गृहीतकाचा आहे, कोकणातल्या प्रवाशांचा नव्हे.

नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे आणि कोकणाकडे रेल्वे आहे, हे मला मान्य आहे. त्यामुळे प्रत्येक खाडीकाठी धावपट्टी मागण्यात अर्थ नाही. उपचारांसाठी गोव्यातल्या बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठावे लागणाऱ्या सावंतवाडीच्या रुग्णाला विमानापेक्षा जिल्ह्यातच सुसज्ज रुग्णालय हवे आहे. लक्षद्वीपच्या अगत्तीची गोष्ट निराळी. तिथे पर्याय फक्त जहाजाचा, म्हणून तिथल्या सेवेला मुदत घालणेच मला अन्यायाचे वाटते. चिपीबाबत मात्र आधी ठरवायला हवे की विमान गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी आहे, पर्यटकांसाठी की जिल्ह्यातल्या माणसांसाठी. जिल्ह्यासाठी असेल, तर सकाळी निघून मुंबईतले काम उरकून संध्याकाळी परतता येईल, असे वेळापत्रक निविदेतच लिहावे लागेल, आणि तुटीची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात दरवर्षी करावी लागेल.